लाँड्रीतली गळती

"म्हणजे पोटात काही नसताना दूध येतं? सिस्टर, सकाळी सकाळी मीच सापडले का तुम्हाला थट्टेला?"

"थट्टा नाही. तू हातातलं काम कर आणि कान इकडे दे."

"कान दिलाय. पण हे असलं बाहेर बोलू नका. लोक म्हणतील, पंपवालीचा स्क्रू ढिला झाला."

"तो ढिलाच आहे. म्हणून तर तुला सांगतेय. एखाद्या शहाणीनं ऐकूनच घेतलं नसतं."

पंपवालीला असं हसू फुटलं की हातातला पाना निसटला आणि टाकीखालच्या चिखलात जाऊन बसला.

बाळंतपणाच्या दवाखान्यामागं पाण्याची मोठी टाकी होती, टाकीशेजारी पत्र्याच्या खोपटात पंप, आणि पंपापुढं फतकल मारून ही बसलेली. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या, कोपरापर्यंत ग्रीस. बापाचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. बाप गेला तेव्हा दुकानही गेलं असं सगळे धरून चालले होते. हिनं दुसऱ्याच आठवड्यात शटर वर केलं आणि बापाच्या स्टुलावर जाऊन बसली. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" ही म्हणायची, "वर गेलेत. परत यायचे नाहीत. पंप ठेवा खाली." तेव्हापासून तिचं नाव पडलं पंपवाली. खरं नाव घरच्यांखेरीज कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पंपाशी ती माणसासारखी गोडीगुलाबीनं बोलायची आणि माणसांशी पंपासारखी, झटका देऊन.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत संसार. बोलायचं तर मशीन थांबवावं लागायचं, म्हणून तो फारसा बोलायचा नाही. सासू शेजारी बसून काजं करायची, बटणं लावायची आणि लेकाच्या वाट्याचं बोलणंही स्वतःच उरकायची. सगळं बरं चाललं होतं, फक्त पाळणा हलत नव्हता. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, एकमेकांपासून लपून रडणंही झालं. मग एका दुपारी नवऱ्यानं मशीन थांबवलं आणि म्हणाला, "आपण एक घेऊन यायचं का गं?" काय घेऊन यायचं, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "चला."

जाऊन दत्तकासाठी रीतसर नाव घातलं. घरी माणसं येऊन घर बघून गेली, शेजाऱ्यांना विचारून गेली. आता बोलावणं कधीही येईल, एवढं कळलं होतं. तेच ती त्या दिवशी सिस्टरला सांगत होती. दवाखान्यातली ही थोरली सिस्टर तिला बापाच्या वेळेपासून ओळखत होती.

"बोलावणं आलं की महिनाभर मी काही यायची नाही. टाकीचं तुमचं तुम्ही बघा."

"बघू. दूध कुठलं देणारेस बाळाला?"

"डब्यातलं. दुसरं कुठलं देऊ? माझ्याकडे काय आहे?"

त्यावर सिस्टरनं जे सांगितलं, ते ऐकून पाना चिखलात पडला होता. तिनं तो काढून शर्टाला पुसला आणि म्हणाली, "आता नीट सांगा. पहिल्यापासून."

सिस्टर म्हणाली, "दुधाचा हुकूम डोक्यातून सुटतो बाई, पोटातून नाही. पोर राहिलं की तो आपोआप सुटतो. नाही राहिलं, तर आपण तो सोडायला लावायचा. कुणीतरी ओढतंय, पुन्हा पुन्हा ओढतंय, असं शरीराला वाटत राहिलं तर ते हळूहळू कामाला लागतं. त्याला मदत म्हणून गोळ्या असतात. पण त्या डॉक्टरीणबाई तपासून देतील, मनानं घ्यायच्या नाहीत. आणि एक आत्ताच ऐकून ठेव. प्रत्येकीला येतंच असं नाही. आलं तरी पोटभर येईल असं नाही. डबा घरात ठेवावाच लागेल."

"आणि ओढणार कोण? बाळ तर अजून यायचंय."

"त्याला मशीन आहे. ब्रेस्टपंप म्हणतात."

पंपवालीचा चेहरा उजळला. "अहो, मग आधी सांगायचं ना, पंप आहे म्हणून!"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, काही काळानं त्यातल्या बंद करून दुसऱ्या दिल्या. मग ते मशीन घरी आलं. मुठीएवढं, प्लास्टिकचं, फुसफुस करणारं. दिवसात जमेल तितक्या वेळा लावायचं. पंपवाली दुकानाच्या मागच्या भागात पडदा ओढून बसायची, बाहेर गिऱ्हाईक उभं. "आतून कसला आवाज येतोय?" कुणी विचारलं तर म्हणायची, "छोटा पंप चेक करतेय." खोटं म्हणून काही नव्हतं त्यात.

सासूनं पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला चार झाली. तरी पहिलीच्या वेळी दुधानं रडवलं होतं मला. तू बिनबाळंतपणाची आणणार?"

"बघते प्रयत्न करून, आई."

"बघ. पण खांदे असे वर चढवून बसू नकोस, मारामारीला निघाल्यासारखी. सैल बस. मी तेव्हा भिंतीला टेकून बसायचे." आणि उठून तिनं सुनेच्या पाठीशी उशी सरकवली. नवऱ्यानं काही न बोलता तिच्या शर्टांना पुढून दोन झाकणं शिवून दिली. बटण काढलं की झाकण उघडतं, अख्खा शर्ट काढायची गरज नाही. वरून बघितलं तर दोन खिसे. एकात ती टेस्टर ठेवायला लागली.

दिवस गेले. मशीन फुसफुसायचं आणि बाटली कोरडीच्या कोरडी. तिला वाटलं, मशीनच मरतुकडं आहे. मग तिनं जे केलं ते फक्त पंपवालीच करू शकते. मशीन उघडलं, आतला व्हॉल्व बघितला, तिच्या मते तो ढिला होता, त्याला चकती घालून आवळला. लावून बघितलं, तर मशीननं असा ताण धरला की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरीही दात दाबून बसली. दोन दिवसांत छातीला चिरा पडल्या. सिस्टरनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, विहीर उपसायला घेतलीस का तू? मशीनला काय केलंस?"

"ताण वाढवला थोडा. उचलत नव्हतं."

"जास्त ओढलं की जास्त येतं, हे तुझ्या लोखंडाचं गणित. इथं दुखलं की शरीर दार लावून घेतं. काढ ती चकती. माझ्यासमोर काढ."

तिनं खाली मान घालून चकती काढली. चिरा भरेपर्यंत मशीनला हात लावायची बंदी झाली. आणि नेमकं त्याच दिवसांत बोलावणं आलं.

मुलगी होती. वेळेच्या आधी जन्मलेली, कितीतरी दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि एवढीशी की सासूनं दुपटं उघडून बघितलं आणि विचारलं, "बाकीची कुठाय?" हात-पाय सारखे चालू, अंगाला लालसर रंग, म्हणून नवरा म्हणाला, "मुंगी." तो इतकं क्वचित बोलायचा की त्याचा शब्द मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. कागदावरचं नाव पुढं ठेवलं. घरात ती मुंगीच.

मुंगीचं सगळं छान होतं, एक खाणं सोडून. जन्मल्यापासून तिला नाकातल्या नळीतून पाजलं होतं. तोंडाशी काही आलं की आता त्रास होणार, असं तिनं पक्कं धरलेलं. बाटलीचं रबर ओठाला लागलं की जिभेनं ढकलायची, मान फिरवायची आणि रडायची. रडणंही मोठं नव्हतं. बारीक, उंच, सुकं, चिंऽऽ असं. वाटी-चमच्यानं पाजायला बसलं तर एका वेळेचं दूध संपेस्तोवर पुढची वेळ व्हायची, आणि त्यातलं अर्धं दुपट्यावर.

बाळांच्या डॉक्टरांनी वजन केलं. वाढलं नव्हतं. ते शांत स्वभावाचे होते, ओरडले नाहीत, पण बोलले ते स्पष्ट. "पुढच्या वेळी काटा वर सरकला नाही, तर ॲडमिट करावं लागेल. परत नळी घालू. तुमची चूक नाही, पण तिला उपाशी ठेवता येणार नाही."

परतीच्या वाटेवर पंपवाली सायकल हातात धरून चालत होती आणि नवरा मुंगीला छातीशी धरून. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "एवढं करून आणली आणि परत नळीला जोडायची?" नवऱ्याजवळ थांबवायला मशीन नव्हतं. तो मुंगीचं दुपटं नीट करत राहिला.

सिस्टर संध्याकाळी घरी आली. छातीच्या चिरा एव्हाना भरल्या होत्या. तिनं एक केसासारखी बारीक नळी आणली होती. एक टोक दुधाच्या वाटीत सोडलं, दुसरं टोक चिकटपट्टीनं पंपवालीच्या छातीला, अगदी बोंडाशी लावलं. म्हणाली, "रबर तिला नको आहे ना? तुझं दे. ती तुझं ओढेल, दूध वाटीतून येईल. आणि तिच्या ओढण्यानं तुझं सुरू व्हायलाही मदत होईल. मशीनपेक्षा ती बरी."

मुंगीनं नाक घासलं, तोंड वाकडं केलं, आणि सगळ्यांच्या देखत बोंड तोंडात धरलं. ढकललं नाही. सासूच्या हातातली सुई तशीच राहिली. चार घोट गेले असतील, नळीत हवा शिरली, दूध तुटलं, आणि मुंगीनं सोडून दिलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नळीतून दूध वर चढायला वेळ लागायचा आणि मुंगीला तेवढी कळ निघायची नाही. दोनदा ओढून काही आलं नाही की ती चिंऽऽ करून तोंड काढायची.

"तोंडाला लागल्या लागल्या थोडं ओलं मिळालं, तर ती धरून ठेवेल," सिस्टर म्हणाली. "तुझं स्वतःचं थेंबभर असलं तरी भागेल. मग मागचं वाटीतलं ती ओढून घेईल."

हे पंपवालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पंपाच्या पोटात आधी तांब्याभर पाणी लागतं, तरच तो खालचं उचलतो. कोरडा पंप नुसती हवा खात बसतो. जन्मभर ती दुसऱ्यांच्या पंपांत पाणी ओतत आली होती. आता स्वतःच कोरडी, आणि वरून ओतायला जागा नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. लावायचं, चार घोट, सुटायचं, पुन्हा लावायचं, राहिलेलं चमच्यानं. वजनाचा दिवस परवावर आला. मुंगी मांडीवर घेतली की हलकी लागायची; नुसतं तसं वाटत होतं, का खरंच हलकी झाली होती, हे तिला कळेना. सासूला विचारलं, तर ती म्हणाली, "मी काय काटा आहे का?" आणि मग तोंड फिरवून पदराला नाक पुसलं.

त्या सकाळी सिस्टरचाच निरोप आला. दवाखान्याच्या चादरी जिथं धुवायला जात, त्या लाँड्रीचा पंप बिघडला होता. चादरी साठल्या होत्या, दुसरा कुणी मिस्त्री मिळत नव्हता. पंपवाली म्हणाली, "मी नाही जायची." नवऱ्यानं मशीन थांबवलं. "जा. तुझे हात रिकामे राहिले की तू वेडी होतेस. मी चमच्यानं पाजतो. दुपारच्या आत ये."

लाँड्रीवाली म्हणजे दांडगी बाई. चार पोरं वाढवलेली, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग, आवाज असा की वाफेच्या मशीनवरही ऐकू यावा. आत जिकडंतिकडं ओल्या चादरींचे डोंगर. पंप कोपऱ्यात होता.

"सुरू करा," पंपवाली खाली बसत म्हणाली.

लाँड्रीवालीनं बटण दाबलं. पंपानं चिंऽऽ केलं. बारीक, उंच, सुकं. पंपवालीनं कान पंपाकडं नेला आणि म्हणाली, "बंद करा, बंद करा. बेअरिंग गेलंय याचं. नवीन आणावं लागेल, इथं मिळायचं नाही. तोवर ग्रीस मारून चालवता येईल. पण आधी गळती काढते."

"कसली गळती? मी आवाजाचं बोलले होते."

"गळत नाही, तर मी भिजले कशानं?"

खरंच शर्ट पुढून ओला होता. तिनं दांड्याभोवती पाणी अडवणारी ग्लँड उघडली, आतली जुनी दोरी काढली, नवी दोरी घालून आवळली. "लावा."

चिंऽऽ. शर्ट आणखी ओला.

"आवळून आवळून मेले आणि तरी गळतंय," ती पुटपुटली. रबरी सील बदललं. पाईपचा जोड काढून परत बसवला. "लावा." चिंऽऽ. या वेळी छातीत झिणझिण्याही आल्या, मुंग्या आलेल्या पायासारख्या. ती झटकन मागं सरकली. "अहो, तुमच्या पंपाला करंट पण मारतोय! अर्थिंग केलंय का कधी कुणी?" खिशातला टेस्टर काढून तिनं पंपाच्या अंगाला सगळीकडं लावला. दिवा लागेना.

लाँड्रीवाली कमरेवर हात ठेवून बघत होती. "माझा पंप माझ्याशी वीस वर्षं नीट वागतोय. तुझ्याशीच वाकडा झाला होय?"

"पेपर आहे का एखादा? कोरडा?"

गळती सापडत नसली की ती जमिनीवर कागद पसरायची. थेंब कुठं पडतो ते दिसतं. तिनं पंपाखाली कागद पसरला, सगळीकडून नीट. पंप चालू केला. चिंऽऽ चिंऽऽ करत तो चालला, दोघी वाकून बघत राहिल्या. कागद कोरडा. पार कोरडा. पंपवालीनं तो उचलला, उलटा केला, हात फिरवला.

"मग हे कुठून येतंय?" ती शर्टाकडं बोट दाखवून म्हणाली.

लाँड्रीवालीनं पंप बंद केला, जवळ आली, आणि शर्टाचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. मग बोटं नाकाशी नेली. मग पुन्हा शर्टाकडं बघितलं. झाकणांच्या जागी दोन गोल डाग, शेजारी शेजारी. वरचा गळा कोरडा, पोट कोरडं.

"बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "पाण्याचा डाग मला दाखवतेस? दवाखान्यातून असल्या डागांचा ढीग येतो मला रोज. गार पाण्यात टाकते मी ते आधी. गरम पाण्यात टाकले की कापड धरून बसतात. हे पाणी नाही."

"मग काय आहे?"

"दूध आहे, येडे!"

पंपवाली तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग शर्टाकडं. मग पंपाकडं, जणू त्यानं काही बोलावं.

"तू बाळंतीण आहेस आणि मला बोलली नाहीस?"

"मी बाळंतीण नाहीये. दत्तक घेतलीय."

"मग हे कसं?"

"ते मोठं आहे. नंतर सांगते. तुम्ही जरा परत चालू करा तो पंप."

"कशाला?"

"करा हो!"

लाँड्रीवालीनं बटण दाबलं. चिंऽऽ. आणि पंपवालीला झिणझिण्या आल्या, आणि डाग तिच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. सुक्या बेअरिंगचा आवाज हुबेहूब मुंगीच्या रडण्यासारखा होता. तिच्या कानांना ते कळलं नव्हतं. तिच्या छातीला कळलं होतं. सकाळपासून ती एका पंपाला आवळत होती, आणि गळत होती ती स्वतः.

ती खाली बसली आणि हसायला लागली. ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, तोंड काळं झालं, तरी हसू थांबेना. लाँड्रीवालीला सगळं कळलं नव्हतं, पण तीही हसायला लागली. मग एकदम दरडावून म्हणाली, "इथं बसून काय सांडतेस? पळ घरी!"

"पंप..."

"ग्रीस मारायला मला येतं. पळ!"

सायकल तिनं कशी मारली ते रस्त्याला ठाऊक. वाटेत ओळखीच्यांनी हाका मारल्या, हिनं घंटी वाजवली. दारात सासू बसली होती. सुनेचं काळं तोंड आणि ओला शर्ट बघून ती उठूनच उभी राहिली. "काय गं, कुठं पडलीस?"

"हात धुवायला पाणी द्या, आई. आधी पाणी द्या."

साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मुंगी आत चिंऽऽ करत होती आणि नवरा चमचा घेऊन हरल्यासारखा बसला होता. तिनं नळी लावली, वाटी नवऱ्याच्या हातात दिली, झाकण उघडलं आणि मुंगीला जवळ घेतलं. मुंगीनं धरलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. आता सोडणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. तिनं सोडलं नाही. गळ्याशी बारीकसा आवाज आला, गिळल्याचा. मग आणखी एक.

"नळी दाबून धरा," पंपवाली हळूच म्हणाली.

नवऱ्यानं दोन बोटांत नळी चिमटली. वाटीतलं दूध जिथल्या तिथं. मुंगी गिळतच होती.

"वाटी हलली का?"

"नाही."

"बघा नीट."

"नाही गं हलली." "हे तुझंच आहे."

थोड्या वेळानं मुंगी मंदावली, तशी तिनं नळी सोडायला सांगितली. वाटीतलं दूध हळूहळू उतरायला लागलं आणि मुंगी कंटाळली नाही. तोंड लावल्या लावल्या मिळालं होतं, मागचंही मिळेल यावर आता तिचा भरवसा बसला होता. वाटीचा तळ दिसला तेव्हा ती तोंड उघडं टाकून झोपून गेली. ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब. सासू वाकून बघायला लागली. मग सरळ होत म्हणाली, "मला चार झाली, पण असलं काही बघितलं नव्हतं." आणि जाऊन चुलीवर चहा ठेवला, साखर दुप्पट घालून.

वजनाच्या दिवशी तिघंही गेली. काट्यावर ठेवताना पंपवाली मुंगीला सोडेचना, तेव्हा सिस्टरनं मुंगीला तिच्याकडून घेतलं आणि स्वतः ठेवलं. काटा थरथरला आणि थांबला. वर. फार नाही, पण वर. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं.

"काय बदललं?"

"गळती सुरू झाली," पंपवाली म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. सिस्टरनं तोंडावर रुमाल धरला. ॲडमिट करायचं नाही, नळी घालायची नाही, आठवड्यानं पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर नवरा मुंगीला घेऊन बाकावर बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. तिनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. जड झालीय ना आता ही."

पोटभर दूध काही तिला कधी आलं नाही. निम्म्याच्या आत-बाहेर असेल. बाकीचं वाटीतून जायचं, आणि पुढं मुंगीला तोंडाची भीती राहिली नाही तशी ती बाटलीही धरायला लागली. पंपवालीला सुरुवातीला त्याचं वाईट वाटलं. सिस्टरला म्हणाली, "निम्मंच येतं हो." सिस्टर म्हणाली, "तुझ्या दुकानात कुणी येऊन म्हणालं, बंद पडलेला पंप निम्मा चालायला लागला, तर तू काय म्हणशील?"

"म्हणेन, घ्या आणि निघा."

"मग तू पण निघ."

बेअरिंग यायला काही दिवस लागले. आल्यावर ती लाँड्रीत गेली. मुंगीला पाजून, शर्टाच्या झाकणांमागं नवऱ्यानं शिवलेल्या जाड कापडाच्या घड्या ठेवून. लाँड्रीवालीनं दारातूनच विचारलं, "पोरगी?"

"झोपलीय. आजीच्या मांडीवर."

"आणि हे?" तिनं पंपाकडं हात केला. "सारखा रडतोय तो. माझ्याच्यानं ऐकवत नाही आता. ऐकलं की तुझी आठवण येते."

पंपवालीनं जुनं बेअरिंग पुलर लावून ओढून काढलं. गोळ्या झिजून काळ्या पडल्या होत्या. तिनं ते तळहातावर घेऊन एकदा फिरवलं. खरखरलं. नवं बेअरिंग लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकत बसवलं, ग्रीस भरलं, झाकण लावलं.

"लावा."

पंप सुरू झाला. नुसती घरघर. दोघीही कान देऊन उभ्या राहिल्या. पंपवालीनं शर्टावरून हात फिरवला. कोरडा.

"थांबली म्हणायची गळती," लाँड्रीवाली म्हणाली.

"घरी चालू होईल," पंपवाली म्हणाली, आणि पाना उचलून ग्लँडचा दुसरा बोल्ट आवळायला खाली वाकली. त्या दिवशी पळायच्या घाईत तो राहिला होता.